निखळत्या ताऱ्यांचा ताळेबंद

जोव्हानी स्कियापारेल्ली हे नाव आपल्याकडे ज्यांनी ऐकले आहे, त्यांतल्या बहुतेकांनी ते मंगळावरच्या कालव्यांच्या गोष्टीत ऐकले आहे. इटलीतल्या मिलान शहरी वेधशाळेत बसून एका ज्योतिर्विदाने मंगळावर रेषांचे जाळे पाहिले. जगाने त्या रेषांना कालवे मानले. कालवे आहेत म्हणजे ते खणणारे कुणीतरी असलेच पाहिजे, असा निष्कर्ष निघाला आणि पुढे पाऊणशे वर्षे मंगळवासीयांच्या कथा-कादंबऱ्यांचे पीक आले, अशी ती गोष्ट. कालवे नव्हतेच, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्यामुळे या माणसाच्या नावापुढे एक मोठी चूक मांडली जाते आणि खाते बंद होते.

उभी हयात बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला अशी घाईने बंद केलेली खाती स्वस्थ बसू देत नाहीत. खातेवहीचे आधीचे पान उलटून पाहण्याची आम्हांला खोडच असते. स्कियापारेल्लींच्या बाबतीत ते पान उलटले आणि जमेच्या बाजूला एक अशी नोंद दिसली, की तिचे व्याज आपण सगळे दरवर्षी खातो. फक्त कुणाच्या ठेवीवरचे, हे आपल्याला माहीत नसते. डिसेंबर किंवा ऑगस्ट जवळ आला की अमुक रात्री उल्कावर्षाव होणार, उत्तररात्री गच्चीवर जा, अशी बातमी वर्तमानपत्रात येते. तुटणाऱ्या ताऱ्यांना तारीख असते, ती वर्षानुवर्षे जवळजवळ तीच राहते आणि तिच्यामागे एखादा धूमकेतू उभा असतो, हे ज्ञान जगाच्या हाती आले ते मुख्यत्वे या माणसामुळे. मंगळाच्या भानगडीच्या अकरा वर्षे आधी.

गोष्ट सुरू होते ती इटलीच्या वायव्येकडच्या पिडमाँट प्रांतात, साविल्यानो नावाच्या छोट्या गावात. तिथे १४ मार्च १८३५ रोजी जोव्हानीचा जन्म झाला. वडील अंतोनिनो यांची विटा-कौलांची भट्टी होती. घर खाऊनपिऊन सुखी, पण विद्वानांचे नव्हे. जोव्हानी चारेक वर्षांचा असताना वडील त्याला एका रात्री मोकळ्यावर घेऊन गेले आणि आकाश दाखवू लागले. कृत्तिकांचा पुंजका, सप्तर्षी, आकाशगंगेचा पट्टा. त्या भागातले लोक तिला संत जेम्सचा रस्ता म्हणत. एवढ्यात एक तारा तुटला. मग दुसरा, मग तिसरा. मुलाने विचारले, हे काय? वडिलांनी सांगितले, ते एका निर्मात्यालाच ठाऊक. हा प्रसंग स्कियापारेल्लींनी म्हातारपणी, सत्तरी ओलांडल्यावर लिहून ठेवला आहे.

मला या प्रसंगात त्या भट्टीवाल्याचे कौतुक वाटते. मुलाला गप्प करण्यासाठी काहीतरी ठोकून देणे सोपे असते. आमच्या लहानपणी तारा तुटला की कुणीतरी माणूस गेला, असे सांगत आणि राम राम म्हणायला लावत. आपल्याकडे वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर उल्कांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात त्यांचे पाच प्रकार आहेत आणि कोणत्या दिशेला पडली तर कुणाला अशुभ, याची तपशीलवार फळे आहेत. अंतोनिनोंनी तसले काही केले नाही. आपल्याला ठाऊक नाही, एवढे त्यांनी मुलाला स्वच्छ कळू दिले. प्रश्न शिल्लक राहिला आणि तो पोराच्या डोक्यात सत्तावीस वर्षे राहिला.

सातव्या वर्षी, ८ जुलै १८४२ च्या सकाळी, जोव्हानीने खग्रास सूर्यग्रहण पाहिले. गावात पाओलो दोवो नावाचे एक विद्वान धर्मगुरू होते. ते त्याला चर्चच्या घंटाघरावर नेत आणि आपल्या दुर्बिणीतून शुक्राच्या कला, गुरूचे चंद्र, शनीचे कडे दाखवत. आकाशाचा नाद लागला तो तिथे. पण नादावर पोट भरत नाही, हे पिडमाँटमध्येही खरे होते. जोव्हानी तुरीनच्या विद्यापीठात गेला तो स्थापत्य आणि जलव्यवस्थेची अभियांत्रिकी शिकायला. १८५४ मध्ये पदवी घेतली. पाण्याचे पाट आणि कालवे हा ज्याचा शिक्षणाचा विषय, त्याच्याच कपाळी पुढे मंगळाचे कालवे यावेत, हा योगायोग मजेचा आहे.

काही काळ त्याने शाळेत गणित शिकवले. मग सरकारी साहाय्य मिळाले आणि १८५७ मध्ये तो बर्लिनला पोचला. तिथल्या वेधशाळेचे प्रमुख एन्के हे धूमकेतूंच्या कक्षा मांडण्यातले जुने जाणते. एका धूमकेतूला त्यांचेच नाव आहे. थोडीशी निरीक्षणे हाती घेऊन कक्षेचे गणित कसे उभे करायचे, याचे शिक्षण इथे झाले. पुढे सेंट पीटर्सबर्गजवळच्या पुलकोवा वेधशाळेत स्ट्रूव्हेंच्या हाताखाली वर्षभर काढून १८६० मध्ये स्कियापारेल्ली मायदेशी परतले. तोवर इटली एक होऊ लागली होती. मिलानच्या ब्रेरा वेधशाळेत त्यांना जागा मिळाली. १८६१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी हेस्पेरिया हा लघुग्रह शोधला आणि १८६२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते वेधशाळेचे संचालक झाले. ती खुर्ची त्यांनी पुढे अडतीस वर्षे सांभाळली.

वेधशाळेची उपकरणे मात्र जुनी झाली होती आणि नव्या राष्ट्राच्या तिजोरीत पैसा नव्हता. ज्या प्रश्नाला मोठी दुर्बीण लागत नाही, उघडे डोळे, घड्याळ, कागद आणि बुद्धी पुरते, असा एक प्रश्न तर लहानपणापासून जवळच होता.

तेव्हा उल्कांबद्दल काय माहीत होते, हे थोडे सांगायला हवे. उल्का ही हवेतली घटना आहे, विजेची किंवा इंद्रधनुष्याची बहीण, असेच शतकानुशतके मानले जाई. इंग्रजीत हवामानशास्त्राला मीटिऑरॉलॉजी म्हणतात आणि उल्केला मीटिऑर, ते त्यामुळेच. या समजुतीला तडा गेला तो १८३३ च्या १२-१३ नोव्हेंबरच्या रात्री. अमेरिकेवर उल्कांचा असा पाऊस कोसळला, की जगबुडी आली म्हणून लोक प्रार्थना करू लागले. त्या रात्री ऑल्मस्टेड वगैरे अभ्यासकांनी पाहिले, की साऱ्या उल्का सिंह राशीतल्या एका बिंदूतून फाकल्यासारख्या येतात आणि रात्र पुढे सरकते तसा तो बिंदूही सिंहेबरोबर सरकतो. म्हणजे हा पाऊस हवेतला नव्हता, बाहेरचा होता. लवकरच ऑगस्टच्या दहाव्या तारखेच्या आसपासचा वर्षावही दरवर्षी येतो हे ध्यानात आले. युरोपातले भाविक लोक या उल्कांना पूर्वीपासून संत लॉरेन्सचे अश्रू म्हणत, कारण त्या संताचा दिवस तोच. पण बाहेरून म्हणजे कुठून? हे खडे ग्रहांसारखे सूर्याभोवती वर्तुळात फिरतात, की आणखी कसे? याचे खात्रीचे उत्तर नव्हते.

स्कियापारेल्लींनी धरलेला धागा अगदी साधा होता. रात्रभर जागून उल्का मोजणाऱ्यांच्या याद्यांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसे. मध्यरात्रीपूर्वी उल्का कमी आणि मध्यरात्रीनंतर, पहाटेकडे, जास्त. असे का?

पावसात स्कूटर चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. गाडी पळत असते तेव्हा छाती भिजते, पाठ बरीचशी कोरडी राहते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. संध्याकाळी आपण तिच्या पाठीवर असतो आणि पहाटे तिच्या छातीवर. म्हणून पहाटे उल्का अधिक. इथवर इतरही पोचले होते. स्कियापारेल्लींनी पुढचे पाऊल टाकले. छाती आणि पाठ किती प्रमाणात भिजली, यावरून थेंबांचा वेग काढता येईल. थेंब मंद असतील तर पाठ कोरडी राहील, वेगवान असतील तर पाठही भिजेल. संध्याकाळच्या आणि पहाटेच्या आकड्यांवरून त्यांनी गणित मांडले. उल्कांचा वेग पृथ्वीच्या वेगाच्या सुमारे दीडपट निघाला. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूचा वेग इतका नसतो. पृथ्वीइतक्या अंतरावर सेकंदाला ४२ किलोमीटरच्या आसपास धावणारी वस्तू सूर्यमालेच्या फार दूरच्या अंधारातून, लांबट कक्षेने येत असली पाहिजे. असे येणारे पाहुणे तेव्हा एकच ठाऊक होते, ते म्हणजे धूमकेतू.

आता ताळा जुळवायचा होता. त्यांनी ऑगस्टच्या उल्कांच्या प्रवाहाची कक्षा मांडली आणि ती ज्ञात धूमकेतूंच्या कक्षांशी ताडून पाहिली. चार वर्षांपूर्वी, १८६२ च्या जुलैत, अमेरिकेत स्विफ्ट आणि टटल या दोघांनी एक ठळक धूमकेतू शोधला होता. दोन्ही कक्षा शेजारी ठेवल्या. सूर्यापासूनचे सर्वांत कमी अंतर, पृथ्वी-सूर्य अंतर एक धरले तर, उल्कांचे ०.९६४ आणि धूमकेतूचे ०.९६३. कक्षेचा कल एकाचा ६४ अंश, दुसऱ्याचा ६६. कक्षा पृथ्वीच्या पातळीला जिथे छेदते ते स्थान एकाचे १३८ अंश, दुसऱ्याचे १३७. दिवसाअखेर रोकड आणि वही जुळली की रोखपालाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते मी हजारो संध्याकाळी पाहिले आहे. १८६६ सालच्या त्या दिवशी ब्रेरामध्ये काय वाटले असेल, याची मला त्यावरून कल्पना येते. एकतीस वर्षांच्या त्या माणसाला चौथ्या वर्षी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सापडले होते.

हा शोध जाहीर झाला तो रोममधल्या फादर सेक्की या जेझुइट ज्योतिर्विदांना लिहिलेल्या पत्रांतून. रोम तेव्हा पोपच्या सत्तेखाली होते, मिलान नव्या इटलीच्या राज्यात, आणि दोन्ही सत्तांचे फाटलेले होते. आकाशाच्या अभ्यासकांनी मात्र टपाल चालू ठेवले. गंमत म्हणजे ती पत्रे छापली गेली हवामानाच्या पत्रिकेत. उल्का हवेतल्या नाहीत हे सिद्ध करणारी पत्रे! १८६७ मध्ये त्यांचा उल्कांवरचा ग्रंथ आला. त्याच वर्षाच्या आरंभी सिंहेतल्या नोव्हेंबरच्या उल्का आणि नुकताच सापडलेला टेम्पेल-टटल धूमकेतू यांचीही जोडी जमली. पीटर्स आणि स्कियापारेल्ली दोघांनाही ती दिसली. एप्रिलमधल्या उल्का १८६१ च्या थॅचर धूमकेतूच्या, असे गाले यांनी दाखवले. हे गाले म्हणजे नेपच्यून प्रथम पाहणारे. धूमकेतू टेम्पेल यांनी शोधला होता. फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे फ्रान्स सोडावे लागल्यावर ते १८७१ मध्ये मिलानला आले आणि स्कियापारेल्लींचे साहाय्यक म्हणून तीनेक वर्षे राहिले. १८७२ मध्ये लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने स्कियापारेल्लींना सुवर्णपदक दिले.

त्याच वर्षाच्या २७ नोव्हेंबरला आकाशानेही जणू प्रमाणपत्र दिले. बीएला नावाचा एक धूमकेतू १८४६ मध्ये डोळ्यांदेखत दुभंगला होता, १८५२ मध्ये दोन तुकड्यांनी दिसला आणि पुढे बेपत्ता झाला. त्याच्या वाटेवरून पृथ्वी गेली तर उल्का पडतील, असे काही अभ्यासकांनी आधीच म्हणून ठेवले होते. त्या रात्री युरोपवर देवयानी तारकासमूहातून उल्कांची झड लागली. मोंकालिएरीला फादर देन्झा आणि त्यांच्या साथीदारांनी साडेसहा तासांत तीस हजारांहून अधिक उल्का मोजल्या. धूमकेतू विस्कटतो, त्याची धूळ त्याच्याच वाटेवर पसरते, पृथ्वी त्या वाटेला छेदते तेव्हा वर्षाव होतो, ही गोष्ट आता उघड्या डोळ्यांनी सिद्ध झाली.

आपल्या घरगुती प्रश्नाचे उत्तर यातच आहे. पृथ्वी दरवर्षी त्याच जागी त्या वाटेला छेदते, म्हणून तारीख तीच. आपले सण तिथीवर चालतात; मकरसंक्रांत मात्र इंग्रजी तारखेला चिकटून असते, कारण ती सूर्याच्या हिशेबाची आहे. उल्कावर्षाव संक्रांतीच्या जातीचे. पण तिथीही सोडून चालत नाही, कारण आकाश काळोखे आहे की नाही हे चंद्र ठरवतो. तेव्हा भिंतीवरच्या कालनिर्णयात दोन्ही पाहावे. वर्षाव केव्हा ते तारखेवरून, तो दिसेल का ते तिथीवरून. मध्यरात्र ते पहाट काळोख हवा असेल तर वद्य एकादशी-द्वादशीपासून शुद्ध अष्टमीपर्यंतचे दिवस उत्तम. पौर्णिमेच्या आसपास जागरण करायचे ते मसाल्याच्या दुधासाठी.

वर्षाचा आराखडा असा. ३-४ जानेवारीच्या पहाटे उत्तरेकडे, सप्तर्षी आणि भूतप यांच्या दरम्यान एक जोरकस वर्षाव होतो, पण त्याचा भर काही तासांचाच. २२ एप्रिलच्या सुमारास अभिजित ताऱ्याजवळून स्वरमंडळातल्या उल्का येतात. त्या थोड्या, पण अडीच हजारांहून अधिक वर्षांच्या नोंदी असलेल्या. ५-६ मेच्या पहाटे कुंभेतून येतात त्या हॅलेच्या धूमकेतूच्या उल्का. हॅले स्वतः २०६१ मध्ये येईल. त्याची धूळ दर मेमध्ये आणि पुन्हा २१-२२ ऑक्टोबरला, मृग नक्षत्राजवळून, आपल्याला भेटते. १२-१३ ऑगस्टला ययातीतल्या उल्का. हाच स्कियापारेल्लींचा वर्षाव. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपल्याकडे आकाशातही शेजारी आहेत, पण ऐन श्रावणात त्यांचे दर्शन होणे महाराष्ट्रात दुर्मीळ. कोकणात तर त्या रात्री पागोळ्या मोजाव्यात. १७-१८ नोव्हेंबरला सिंहेच्या उल्का. एरवी त्या मोजक्याच असतात, पण धूमकेतू जवळ आला की सुमारे तेहेतीस वर्षांनी कधीकधी वादळ होते. आणि १३-१४ डिसेंबरला मिथुनेच्या उल्का. आपल्या मुलखासाठी हा वर्षाव सर्वांत चांगला. आकाश निरभ्र, थंडी सोसवण्याजोगी, आणि पुनर्वसूचे दोन तारे रात्री नवापर्यंत चांगले वर आलेले असतात, त्यामुळे लहान मुलांनाही फार जागावे लागत नाही. याचा जनक मात्र धूमकेतू नसून १९८३ मध्ये सापडलेला फेथॉन हा लघुग्रहासारखा दिसणारा गोळा आहे. स्कियापारेल्लींच्या वहीत न बसणारी ही एक नोंद; तिचा उलगडा अजून चालू आहे.

बातमीत ताशी शंभर-दीडशे असा आकडा असतो. तो पूर्ण काळोख्या आकाशाचा आणि उगमबिंदू डोक्यावर असतानाचा. शहरात त्याचा दहावा हिस्सा दिसला तरी आनंद मानावा. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी बदली असताना लोडशेडिंगने माझी सोय केली होती. २००४ च्या डिसेंबरात १२ तारखेला अमावास्या होती. १३ च्या रात्री दहाला गावातले दिवे गेले आणि आम्ही घरची मंडळी सतरंजी घेऊन गच्चीवर पडलो. बारा वाजेपर्यंत माझ्या धाकट्या मुलीने कागदावर ८३ रेघा ओढल्या, पाचापाचांचे गठ्ठे करून. दुर्बीण लागत नाही. डोळ्यांना काळोखाची सवय होईपर्यंत वीसेक मिनिटे आणि हातातला दिवा न लावण्याचा संयम एवढेच लागते.

या हिशेबालाही मर्यादा आहेत. १८९९ मध्ये सिंहेच्या उल्कांचे वादळ येणार म्हणून सारा युरोप जागला आणि काही आले नाही. गुरू आणि शनी यांच्या ओढीने धुळीचा प्रवाह बाजूला सरकला होता. बरोबर शंभर वर्षांनी, १९९९ च्या १८ नोव्हेंबरला, आपल्याकडेही गच्च्या भरल्या होत्या. वादळ आले, अगदी सांगितल्या वेळेच्या जवळपास आले, पण ती वेळ आपल्या घड्याळात सकाळी साडेसातची होती. सूर्य वर आलेला. पश्चिम आशिया आणि युरोप यांनी ते डोळे भरून पाहिले.

आता मंगळाकडे वळू. १८७७ मध्ये मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला. स्कियापारेल्लींकडे तोवर २२ सेंटिमीटर व्यासाची चांगली दुर्बीण आली होती. त्यांनी मंगळाचा काळजीपूर्वक नकाशा काढला. अंधूक रेषांना त्यांनी कानाली म्हटले. इटालियनमध्ये हा शब्द नैसर्गिक ओहोळालाही चालतो आणि खणलेल्या पाटालाही. इंग्रजीत जाताना तो कालवा झाला. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झालेला, जगाच्या डोक्यात कालवे होतेच. पुढे अमेरिकेत लोवेल या धनिकाने १८९४ मध्ये खास मंगळासाठी वेधशाळा उभारली आणि पाण्यासाठी तडफडणाऱ्या मंगळवासीयांचे अख्खे शास्त्र रचले. स्कियापारेल्ली स्वतः सावध होते, पण पुरते अलिप्त नव्हते. १८९५ मध्ये त्यांनी मंगळावरच्या जीवनाबद्दल अर्धवट थट्टेचा एक लेख लिहिला. रेषा दिसतात यावर त्यांचा विश्वास होता. त्या खऱ्या नव्हत्या. अंधूक ठिपके डोळा जोडून घेतो, तसे ते झाले होते. १९६५ मध्ये मरिनर-४ यानाने छायाचित्रे पाठवली तेव्हा विषय संपला. बुध स्वतःभोवती ८८ दिवसांत फिरतो हा त्यांचा निष्कर्षही त्याच वर्षी रडारने खोटा ठरवला. खरा आकडा सुमारे ५९ दिवस.

नावे बाजूची ही यादी लपवण्याचे कारण नाही. पण मंगळाच्या नकाशावर हेलास, थार्सिस, एलिसियम ही जी नावे आजही वापरतात ती त्यांनीच दिलेली, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे.

उत्तरायुष्यात डोळे साथ देईनात. १८८९ मध्ये ते सिनेटर झाले आणि १९०० मध्ये वेधशाळेतून निवृत्त झाले. आकाश दिसेना तेव्हा त्यांनी जुन्या लोकांनी आकाश कसे पाहिले याचा अभ्यास धरला. बायबलच्या जुन्या करारातल्या ज्योतिषावर १९०३ मध्ये त्यांचे पुस्तक आले. त्यांचे भाऊ चेलेस्तिनो अरबीचे पंडित. त्यांची मुलगी एल्सा पुढे पॅरिसमध्ये वेशभूषाकार म्हणून जगप्रसिद्ध झाली. तिच्या गालावर तिळांचा झुबका होता. काकांनी त्यात सप्तर्षी ओळखले आणि तिचा संकोच घालवला, असे ती सांगे. पुढे तिने त्याच आकाराचा दागिना करून घेतला. मंगळावरच्या ठिपक्यांत रेषा पाहणारी तीच नजर इथे एका लहान मुलीच्या उपयोगी पडली.

४ जुलै १९१० रोजी मिलानमध्ये स्कियापारेल्ली वारले. त्याच्या दोन महिने आधी हॅलेचा धूमकेतू आकाशात झळकून गेला होता.

२०१६ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने मंगळावर उतरवण्यासाठी एक यान पाठवले आणि त्याला त्यांचे नाव दिले. १९ ऑक्टोबरला ते उतरू लागले, एका उपकरणाच्या गडबडीने आपण जमिनीवर पोचलो असा संगणकाचा समज झाला, आणि यान काही किलोमीटर उंचीवरून कोसळले. बातम्यांत पुन्हा मंगळ, पुन्हा चूक, पुन्हा स्कियापारेल्ली. त्यांच्या नावाचे नशीबच तसे. ऑगस्टच्या उल्कांना कुणी त्यांचे नाव दिले नाही. ज्याच्या धुळीच्या त्या आहेत तो धूमकेतू १९९२ मध्ये येऊन गेला आणि आता २१२६ मध्ये येईल, तोही स्विफ्ट-टटल याच नावाने.

त्याने काही बिघडत नाही. मेपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरनंतर एखाद्या अमावास्येच्या जवळपास, वरच्या यादीतली तारीख पाहून, घरातल्या पोराबाळांना गच्चीवर न्यावे. शहर सोडता आले तर फारच उत्तम. तारा तुटेल. हे काय, असा प्रश्नही येईल. साविल्यानोच्या भट्टीवाल्याला जे सांगता आले नव्हते ते आज आपल्याला सांगता येते. एका धूमकेतूने वाटेत सांडलेला वाळूच्या कणाएवढा खडा, शंभरेक किलोमीटर उंचीवर हवेशी घासून जळाला. पुढच्या वर्षी याच सुमारास पृथ्वी पुन्हा इथेच येईल, तेव्हा आणखी दिसतील. आणि मुलाने त्यापुढचा प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही, तर तसे स्वच्छ सांगावे. त्याच उत्तराने एक मुलगा सत्तावीस वर्षे विचार करत राहिला होता.